काटाबाबू आणि ढावलो

बोलता बोलता काटाबाबू मध्येच एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी ऐकून घ्या." आपण कान टवकारावेत, तर ऐकायचं काय? शेजारच्या जिनिंग कारखान्यातल्या पट्ट्याची घरघर.

"सकाळपेक्षा अर्ध्या सुरानं उतरला. पट्टा ढिला पडून राह्यला त्यांचा."

दुपारी पट्टा निसटल्याची बातमी यायची.

ढाणकीच्या कापूस खरेदी केंद्रावर ते वजनकाटा सांभाळायचे आणि मी टोकन वाटायचो. तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या यवतमाळच्या घरातला हा माणूस काट्यावर रमला होता. सगळे त्यांना काटाबाबू म्हणत. ते हंगाम तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. भाव पडलेला, व्यापारी फिरकत नव्हते, आणि बैलगाड्यांची रांग फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत. माणसं चार-चार दिवस गाडीखालीच जेवायची, झोपायची.

या रांगेसाठी काटाबाबूंनी एका फुटक्या रांजणात स्पीकर बसवला होता. "मातीच्या पोटातून आवाज गोल निघते," असा त्यांचा शोध. टोकनचे नंबर पुकारून झाले की त्यातून गाणी लागत. टेपचं हेड ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत. एकदा प्रतवारीच्या साहेबांनी खालच्या दर्जाचा ठरवलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका त्यांनी मागून घेतला आणि त्या शेतकऱ्याला म्हणाले, "साहेब काही म्हणोत, माझ्या टेपसाठी हा एक नंबर आहे." तीन दिवसांत तो माणूस पहिल्यांदा हसला.

मग नांदेडहून त्यांनी खिशात मावणारा टेप आणला. त्यात आवाज भरता यायचा. बैलांचे घुंगरू, काट्याचा खटका, रांगेतली भजनं, काहीच सुटेना.

रांगेत एक म्हातारी होती, फुलसावंगीकडच्या तांड्यातली. मुलासोबत गाडीवर बसून ती स्वतःशीच ढावलो म्हणत होती. बंजाऱ्यांत लग्न होऊन निघालेली मुलगी आणि आई एकमेकींच्या गळ्यात पडून म्हणतात, ते हे गाणं. गाणं कसलं, रडणंच. काटाबाबूंनी गाडीमागे उभं राहून ते टिपलं आणि दुसऱ्या दिवशी रांजणातून लावलं.

सगळी रांग गप्प झाली. काटाबाबू खुशीत माझ्याकडे पाहत होते. तेवढ्यात म्हातारी काट्याजवळ आली.

"हे कोणं लावलं?"

"मी, याडी." बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. "कसं साफ आलं, पाहा ना."

"माह्या पोरीचं लगन सामूहिक मांडवात झालं, बाबू. असाच भोंगा वाजत होता. तिच्या गळ्यात पडून म्हणाचं राहून गेलं. पोरगी तशीच ऊसतोडीवर गेली. ते मी एकटी म्हणत होती. तू ते रस्त्यावर मांडलं."

त्यांनी टेप बंद केला, कॅसेट काढून तिच्यापुढे धरली.

"मी काय करू याचं? माह्याजवळ वाजवाचं काही आहे का?" ती म्हणाली आणि वळली. तिची गाडी काट्यावर आली, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी ते मला घेऊन एसटीनं तिच्या तांड्याकडे निघाले. "माफी मागायला दोघं कायले?" मी विचारलं.

"एकटा गेलो तर मशीनबद्दलच बोलत बसीन."

तांड्यात म्हातारीनं बाज टाकली, कोरा चहा दिला. काटाबाबू म्हणाले, "याडी, न विचारता घेतलं, चुकलं माझं. तुमच्यासमोर पुसून टाकतो."

"आधी मले ऐकू दे."

त्यांनी तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "एक कडी राह्यली. पुसू नको. दुसऱ्या बाजूनं भर, मी पुन्हा म्हणते."

काटाबाबू अंगणातल्या कोंबड्या हाकलायला उठले.

"राहू दे कोंबड्या," ती म्हणाली. "पोरीले कळलं पाह्यजे, आई घरीच म्हणून राह्यली."

तिनं पूर्ण म्हटलं. ऊसतोडीच्या तळावर तिचा मुलगा दोन दिवसांनी जाणार होता. काटाबाबूंनी कॅसेटसोबत तो नवाकोरा टेपही त्याच्या हातात ठेवला. परतीच्या एसटीत ते रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत त्यांनी एकदाही बोट वर केलं नाही.

पुढच्या हंगामात मुलगा सांगत आला, की तळावरच्या बाया बहिणीच्या झोपडीत जमतात, ऐकतात, आणि सेल टिकत नाहीत. काटाबाबूंनी सेलचा अख्खा खोका बांधून दिला.

नंतर केंद्र बंद पडलं. ते यवतमाळला गेले, मी राळेगावला. पत्रं कमी होत गेली. ते वारल्याचं मला महिन्याभरानं कळलं.

त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी कपाट उघडून दाखवलं. दुसरा टेप घेऊन ते पुढे बरीच वर्षं गावोगाव फिरले होते. कॅसेटी ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीवर गाणाऱ्याचं नाव आणि गाव, त्यांच्या बारीक अक्षरात. काहींवर नावापुढे लिहिलं होतं, 'नको म्हणाले.'

'नको म्हणाले' लिहिलेली एक मी लावली. वहिनींनी आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली. कॅसेट कोरी होती.