माझ्या आवाजातला कूलर

माझा आवाज असा होता की हिंगण्याच्या कंपनीतला भोंगा एकदा बिघडला, तेव्हा मॅनेजरने मला गच्चीवर चढवलं. मी एकदाच 'होऽ' म्हणालो. आमची पाळी तर सुटलीच, शेजारच्या कंपन्यांचीही सुटली, आणि दोन कोसांवरच्या शाळेतली पोरं दप्तरं घेऊन घरी पळाली. यात थोडं तिखट-मीठ असेल, पण आवाज खरा होता. जन्मभर मी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, शेवटी खर्ऱ्याने मला चघळायला घेतलं. घशात गाठ निघाली.

उपचार धंतोलीतल्या एका दवाखान्यात. तिथल्या सिस्टरने पेशंटांचा मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. किमो घेऊन माणूस गावी जातो, तिथे त्याच्या रक्तातली ताकद उतरते, आणि मग साधा तापही जीव घेऊ शकतो. म्हणून रोज सकाळी प्रत्येकाने ताप मोजून ग्रुपात टाकायचा, काय खाल्लं, तोंड आलं का, तेही सांगायचं. ताप दिसला की सिस्टर म्हणायची, निघा. पण आपल्याकडचा माणूस स्वतःचा ताप असा लपवतो, जसा काही तो चोरून आणला आहे. मग सिस्टरने माझा आवाज कामाला लावला. सगळ्यांचे ताप आले की मी एक गोष्ट बोलून पाठवायची. एकाचाही राहिला तर गोष्ट नाही.

मी काय नाही सांगितलं? मे महिन्यात आमच्या कोंबडीने उकडलेलीच अंडी घातली. एक वाघ महिन्याचा पास काढून कंपनीच्या बसमध्ये बसला आणि खिडकीच्या जागेसाठी सुपरवायझरशी भांडला. काटोलकडच्या एका खेड्यातल्या मावशीचा ताप सगळ्यात आधी यायचा. संत्र्याच्या बागेतलं घर, हाताशी सून, अक्षरओळख नाही, म्हणून सगळं बोलूनच. "ताप नाही. आता सांग गा लबाडा, वाघाचं काय झालं?"

ग्रुपात एक रिवाज होता. कोणी गेलं की 'गेलं' म्हणायचं नाही. सिस्टर लिहायची, 'यांचा नंबर बदलला आहे.' आम्ही हात जोडल्याची चित्रं टाकायचो, आणि त्या दिवशीची गोष्ट मी जरा लांबवायचो.

मग माझं ऑपरेशन ठरलं. ग्रुपात मी गर्जना केली की थोडे दिवस सुट्टी, मग दुप्पट आवाजात येतो. स्वरयंत्रच काढणार हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. मी अर्धंच पुढे सांगितलं. उरलेलं माझ्याच घशाखाली उतरत नव्हतं.

घरी आलो तो गळ्याला भोक घेऊन. श्वास आता तिथूनच जातो-येतो. ओठ हलतात, आवाज होत नाही. सिस्टरने ग्रुपात लिहिलं, 'काका आता लिहून बोलतील.' मावशीला सुनेने ते वाचून दाखवलं असणार, कारण लगेच तिचा आवाज आला. "लिहिनं तं कोनीही लिहिते. नंबर बदलला म्हना ना सरळ."

माझ्याकडे एक गोष्ट शिल्लक होती. उन्हाळ्यात बोलून ठेवलेली, कधी न पाठवलेली. ती टाकली. मावशीचं उत्तर आलं, "याच्यात मागं कूलर चालू हाय. डिसेंबरात कोन कूलर लावते? मेलेल्या मानसाचा आवाज मले पाठवू नका."

त्या दुपारी मी बैठकीत बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. उठून गेलो. बायको सांबार निवडत होती, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. डब्याला टेकवलेला मोबाईल बोलत होता. जिने उभ्या संसारात माझ्या गोष्टींना थापा म्हटलं, ती मान खाली घालून ऐकत होती. मी दारात उभा होतो आणि आत मीच हसत होतो. मागे कूलर घरघरत होता. त्या माणसाला थांब म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

तिने वर पाहिलं. "ऐकून नाही राहिली मी. आपोआप लागलं."

पुढे ग्रुपात मावशीच्या तापाचा आकडा येईना. आणि एका सकाळी सिस्टरचा फोन आला तो बायकोच्या मोबाईलवर. मावशीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. सून थर्मामीटर लावू म्हणे, ती तोंड मिटून बसली होती. दवाखान्यात यायला साफ नकार. म्हणत होती, "त्या दवाखान्यानं त्याले गिळलं, अन् आता त्याचाच आवाज वाजवून मले बोलवून राहिले."

"काका, आज नाही आली तर काही खरं नाही," सिस्टर म्हणाली. "तुम्ही दिसा तिला."

गळ्याला मफलर गुंडाळला. बायकोने व्हिडिओ लावला. मावशीचा चेहरा आला, लाल, डोळे काचेसारखे. मी मावशी म्हणालो, म्हणजे ओठ तसे हलवले.

"तोंड हालून राह्यलं, आवाज नाही. भूतच हाय. पाय दाखव."

बायकोने मोबाईल खाली नेला. माझे पाय मला इतके अनोळखी कधीच वाटले नव्हते. बोटं पुढेच होती, तरी मी खात्री करून घेतली.

"सरळ हायत," मावशी म्हणाली. "पन आजकाल मोबाईलात मेलेले लोकही नाचवते. खरा असशीन तं दवाखान्याच्या फाटकात उभा राय. मी येतो पाहाले."

मी तिथे इतका आधी पोचलो की धंतोलीतल्या गाड्याही मला वळसा घालून जायला शिकल्या. फाटकाजवळच्या बाकावर कुण्या पेशंटचा भाऊ मोबाईल ऐकत हसत होता. वाघाची गोष्ट होती. फिरत फिरत त्याच्यापर्यंत आली असणार. मला पाहून त्याने आवाज वाढवला. "ऐका काका. कोन हाय माहीत नाही, पन लय फेकते बुवा." वाघ सुपरवायझरवर ओरडला आणि तो माणूस गुडघ्यावर थाप मारून हसला. मी मान डोलावली. माझ्यापासून हातभर अंतरावर माझा आवाज मजेत होता, आणि माझी त्याला गरज नव्हती.

काटोलकडची गाडी आली. सुनेच्या खांद्यावर रेलून मावशी उतरली, डोक्याला फडकं बांधलेलं. आधी पाय पाहिले. मग म्हणाली, "मफलर काढ."

भर रस्त्यात मी तो काढला. बाकावरच्या माणसाचं हसू थांबलं. मावशी ते भोक पाहत राहिली आणि मग तिने आपला तळवा त्याच्यासमोर धरला. मी श्वास सोडला.

"गरम हाय," ती सुनेला म्हणाली.

माझा श्वास असेल गरम. तिचा तळवा त्याहून कितीतरी गरम होता. न टेकताही मला तो लागत होता. सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आली. "पाहिलं ना मावशी? चला आता." मावशी बसली. थर्मामीटर एकशे दोनच्याही वर गेला.

रात्रंदिवस सलाईन आणि औषधं चालली आणि तिचा ताप उतरला. गावी गेल्यावर तिचा आवाज ग्रुपात आला. "सिस्टर, ताप नाही. त्या भाऊले मी पाहून आलो, तो जिता हाय. पन गोष्टी सांगनारा होता, तो मेला. मी त्याच्या गोष्टी मोबाईलातून काढाले लावल्या. उगी वाजत राहाले नाही पाह्यजे."

मी उत्तर लिहायला घेतलं. मीच तो आहे, म्हणून दहा ओळी लिहिल्या, त्यात वाघालाही साक्षीला आणलं. मग सगळं खोडलं.

ताप मात्र ती रोज पाठवते. आधी आकडा, मग विचारते, "जिता हायस ना गा?" मी अंगठ्याचं चित्र पाठवतो.