बाबांचे यकृत

मी बडोदे सोडले त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाबांना सांगितले की त्यांचे यकृत कडक झाले आहे. मग विचारले, “किती वर्षं पिता?”

संध्याकाळी आई-बाबा मला सोडायला स्टेशनवर आले. पुढे मुंबईहून अमेरिकेचे विमान होते. आई माझ्याशी बोलत होती, त्यांच्याशी नाही.

बाबा बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पोट सुटलेले, मधुमेह जुना. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण दारूबंदीच्या राज्यात, जिथे पिणारा चोरूनच पितो, यकृत बिघडलेल्या माणसाचे कोण ऐकतो? त्यातून आमचे पूर्वज बडोदे संस्थानाच्या फौजेतले. शेजारचे पटेलकाका हसत म्हणाले, “लश्करी लोही छे, भाऊ. थोडी थोडी तो चाले ने.” म्हणजे फौजी रक्त आहे, थोडी चालायचीच. बाबाही हसले. त्यानंतर ते ओट्यावर बसेनासे झाले, हे मला आईने फोनवर सांगितले.

मी रविवारी फोन करी. एकदा आई म्हणाली, “खरं सांगितलं तर मी रागावणार नाही, एवढं त्यांना सांग.” मी सांगितले. बाबा म्हणाले, “नसलेलं कुठून आणून सांगू?”

परदेशी आलेल्यांना ठाऊक आहे, घरचे मरण फोनवरच येते. बाबांचेही तसेच आले, पावसाळ्यात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मला उंदरांच्या यकृताचे काप तपासायला दिले. गोड आणि तेलकट खाऊ घालून लठ्ठ केलेले उंदीर, काहींना मधुमेह. मायक्रोस्कोपखाली चरबीचे पांढरे थेंब दिसत होते आणि त्यांच्या मधून यकृत कडक करणारे व्रणाचे तंतू गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी सहज सांगितले की माणसातही असेच होते, दारूचा थेंब न घेता. मी मान डोलावली आणि पुढची काच लावली.

रविवारची वाट न पाहता मी आईला फोन केला. उंदरांचे सांगितले, साखरेचे, चरबीचे.

मग आई म्हणाली, “मी त्यांच्या कपाटात बाटली हुडकायचे गं. ते कॉटवरून बघत असायचे.”

पटेलकाका आता मुलाकडे सुरतेला असतात. डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला. बडोद्यात आई एकटी आहे आणि मी इथे. बाबा पीत नव्हते, हे आता फक्त आम्हा दोघींना माहीत आहे.