ठसकाबाईचं बोचकं

रुपराव गजभिये यांना राग चटकन येत नसे. पण एकदा आला की तो जात नसे. इतरांचा राग दुधासारखा उतू जातो आणि संपतो. रुपरावांचा लोणच्यासारखा मुरत बसायचा, बरणीचं तोंड घट्ट बांधून. त्यातली सगळ्यात जुनी बरणी शाळेतली होती. चौदा वर्षांचे असताना त्यांनी शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ काढलं होतं. बंडीत बसून पेंगणारा एक म्हातारा, आणि बैलच वाट ठरवताहेत. अंक छापून आला तेव्हा चित्राखाली नाव होतं हेडमास्तरांच्या भाच्याचं. रुपराव विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "चित्र छापलं ना तुझं? मग झालं की." पुढे छप्पन साली घरादारासकट त्यांनी दीक्षा घेतली. द्वेष सोडावा, असं वडील रोज वंदनेनंतर सांगत आणि रुपराव मान डोलवत. मान तेवढी डोलायची.

नोकरी त्यांना रेल्वेच्या टपाल कचेरीत लागली. समोर लाकडी खणांची भिंत आणि हातात पत्रांची चळत; ज्या गावाचं पत्र त्या गावाच्या खणात. दिवसभर माणसांची नावं वाचायची आणि एकाचंही तोंड बघायचं नाही, असं ते काम. रुपरावांना त्या नावांमागची तोंडं दिसायला लागली. घरी येऊन ते तोंडं काढत. आपल्यासारखे आणखी खुळे विदर्भात असतीलच, या भरवशावर एकाहत्तर साली त्यांनी एका दैनिकात चार ओळींची सूचना दिली, आणि वर्षभरात 'चेहरा मंडळ' उभं राहिलं. सभासद अकरा. कामठीचा एक विणकर, एक कंपाउंडर, दोन मास्तर, एक न्हावी, असे कुठलेकुठले. शिकलेला चित्रकार एकही नव्हता. एकमेकांना कुणी पाहिलेलंही नव्हतं.

मंडळ चालायचं एका जाडजूड वहीवर. ती वही खाकी कापडात शिवून रजिस्टर टपालाने गावोगाव फिरायची. ज्याच्या घरी येईल त्याने आठ दिवसांत आपल्या पात्राचं नवं चित्र काढायचं, बाकीच्यांच्या चित्रांखाली एकेक खरा शेरा लिहायचा आणि वही पुढे धाडायची. खरा म्हणजे खराच. "कोतवालाचं नाक सरळ झालं, इस्त्री केली का?" असा. वही नंदनवन वस्तीतल्या रुपरावांच्या दोन खोल्यांत परत यायची तेव्हा ते आधी हात धुऊन येत.

नियम तीनच होते, पण रुपरावांनी ते पहिल्या पानावर शाईने लिहिले होते. पहिला, प्रत्येकाचं पात्र एकच, आणि ते स्वतःच्या मनातून आलेलं. दुसरा, दुसऱ्याचं पात्र त्याला पत्र टाकून विचारल्याशिवाय काढायचं नाही. तिसरा नियम ऐकून लोक हसायचे. सभासद होताना प्रत्येकाने आपल्या पात्राबद्दलची एक गोष्ट, जी कधीच चित्रात येणार नाही अशी, बंद पाकिटात लाख लावून रजिस्टर टपालाने रुपरावांकडे पाठवायची. रुपराव ती लोखंडी पेटीत ठेवणार, उघडणार नाहीत, आणि सभासद मंडळ सोडेल तेव्हा जशीच्या तशी परत करणार. "ज्या पात्राचं सगळंच कागदावर आलं ते पात्र मेलं," ते म्हणत. "कायतरी मालकापाशी राहिलं पाहिजे." आणि वहीचं शेवटचं पान त्यांनी काठाला काळी शाई फासून ठेवलं होतं. नियम मोडणाऱ्याचा चेहरा या काळ्या पानावर काढला जाईल, खाली नियमाचा आकडा. आपला चेहरा तिथे यावा असं कुणालाच वाटत नव्हतं. पान कोरंच होतं.

सगळ्यांत लाडकं पात्र भिवापूरच्या गोपिकाचं होतं. गोपिका मिरच्यांची देठं खुडायला जाणारी, चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिची ठसकाबाई म्हणजे अंगाने काडी, तोंडाने फटाका. नाकात मोठी नथ, कमरेला खोचलेला पदर आणि काखेत कायमचं एक बोचकं. बाजारात व्यापाऱ्याशी भांडताना बोचकं काखेत, एसटीत जागेवरून हातघाईवर येताना बोचकं काखेत, विहिरीत डोकावतानाही बोचकं काखेतच. ते खाली ठेवलेलं कुणी पाहिलं नाही. वही आली की लोक आधी ठसकाबाईचं पान उघडत आणि पोट धरून हसत.

त्र्याहत्तर साली रुपरावांच्याच शहरातला, महाल वस्तीतला रविंद्र मंडळात आला. हात सफाईदार, बोलणं गोड. तीन वर्षं त्याने वहीत शेरे लिहिले, ठसकाबाईखाली तर फारच प्रेमाने. मग "वेळ होत नाही" म्हणून मंडळ सोडलं, रुपरावांच्या घरी येऊन आपलं पाकीट परत नेलं, आणि दोन महिन्यांनी शहरातल्या एका साप्ताहिकात त्याची चित्रमालिका सुरू झाली. 'तडकाबाई'. तीच नथ, तोच खोचलेला पदर, तेच बोचकं. चोराने घराच्या पायरीवर बसून घराचंच कुलूप विकावं, तसा प्रकार!

रुपरावांनी तो अंक दोनदा पाहिला. मग वही काढली आणि काळ्या पानावर रविंद्रचा चेहरा काढला, इतका नेमका की कांताबाई, त्यांची बायको, म्हणाली, "अवो, हा तं आता बोलंन." खाली त्यांनी लिहिलं, नियम दोन. पण वहीतल्या पानाने भागेना. ते वही घेऊन संपादकाकडे गेले. संपादकाने वही चाळली आणि परत केली. "तारखा पेन्सिलीनं लिहिल्या आहेत, गजभिये. अशा मी आत्ता शंभर लिहून देतो." आणि वर म्हणाला, "बाईचं पात्र लोकांपर्यंत पोचलं ना? मग झालं की."

मग झालं की! सत्तावीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुन्हा कानावर आलं आणि बरणीचं फडकं सुटलं. कचेरीत एका खणातली पत्रं दुसऱ्या खणात जायला लागली. जेवताना घास हातात राहू लागला. रविंद्रच्या गल्लीवरून ते मुद्दाम सायकल घालत आणि त्याच्या दारावरची नावाची नवी पाटी पाहून घरी येत. अशी तीन वर्षं गेली. पोरं रस्त्यात तडकाबाईसारखं भांडून दाखवू लागली, आणि वाचक साप्ताहिकाला पत्रं लिहू लागले, बाईच्या बोचक्यात काय आहे?

हे ज्या दिवशी रुपरावांनी वाचलं त्या दिवशी त्यांना लोखंडी पेटी आठवली. गोपिकाचं पाकीट! लाख शाबूत, वर भिवापूरचा शिक्का, साल बहात्तर. पेन्सिलीची तारीख खोटी म्हणाल, टपालाचा शिक्का कसा खोटा म्हणाल? त्यांनी गोपिकाला लिहिलं, पाकीट चारचौघांत उघडू का? आठ दिवसांनी कार्ड आलं. "भाऊ, जाऊ द्या. तोंड नेलं तं नेलं. बोचकं बांधलेलंच हाय न."

"भोळी हाय," रुपराव म्हणाले.

"भोळी कायची?" कांताबाई म्हणाली. "तिनं नाई म्हटलं. ते पाकीट तुमचं थोडीच हाय?"

"तुले नाई समजत वं. तिच्यासाठीच करून राहिलो मी."

"तिच्यासाठी करून राहिले का त्या हेडमास्तरच्या भाच्यासाठी?"

रुपरावांनी कार्ड पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात तडकाबाईला तीन वर्षं झाली म्हणून साप्ताहिकाने महालातल्या एका सभागृहात रविंद्रचा सत्कार ठेवला. अध्यक्ष होते बापूजी, एक निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तर! रुपरावांना हा योग अगदी जुळून आल्यासारखा वाटला. ते पांढरा सदरा घालून, छातीशी पाकीट धरून तिसऱ्या रांगेत बसले. हारतुरे झाले, भाषणं झाली, रविंद्रने फळ्यावर खडूने तडकाबाई काढून दाखवली, टाळ्या पडल्या. कुणी प्रश्न विचारायचा असेल तर विचारा, असं बापूजी म्हणाले आणि रुपराव उभे राहिले.

"रविंद्रभाऊ, ह्या बाईच्या बोचक्यात काय हाय?"

रविंद्रने त्यांना ओळखलं. खडू त्याच्या बोटांत थांबला. पण समोर तीनशे माणसं आणि गळ्यात झेंडूचा हार, तो हसला. "ते गुपित आहे."

"पोरं तीन वर्षांपासून इचारून राहिले. आज सांगूनच टाका."

लोकही ओरडले, सांगा, सांगा. रविंद्रने क्षणभर छताकडे पाहिलं आणि हात उडवला. "मिरचीपूड! ज्याचं तोंड आवडलं नाही त्याच्या डोळ्यांत टाकायला!" सभागृह हसून हसून लोळलं.

रुपराव हसण्याचा जोर ओसरेपर्यंत थांबले. एवढी वर्षं थांबले होते, आणखी थोडं. मग ते मंचावर गेले, पाकीट बापूजींच्या हातात दिलं आणि ही बाई कुणाची आहे, कुठून आली, ते चार वाक्यांत सांगितलं. बापूजींनी चष्मा लावून शिक्का वाचला, लाख तपासली, आणि मोठ्याने म्हणाले, "भिवापूर. एकोणीसशे बहात्तर. मोहोर अभंग आहे." सभागृहात कुजबूज सुरू झाली. बापूजी पाकीट फाडायला लागले तर रुपरावांनी ते त्यांच्या हातातून घेतलं. वाचायचं सुख त्यांना दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं.

आत वहीचा एकच कागद होता. वर ठसकाबाईचं लहानसं चित्र, नथ, पदर, बोचकं सगळं. रुपरावांनी ते सगळ्यांना दाखवलं आणि खालचं वाचायला सुरुवात केली. "ठसकाबाईच्या बोचक्यात एक टोपडं आहे, एक झबलं आहे आणि काळ्या मण्यांची मनगटी आहे. तिची पोरगी नवव्या दिवशी गेली. बारसं झालं नव्हतं म्हणून घरात तिचं नाव कुणी काढत नाही, कारण तिला नावच नव्हतं."

इथे रुपरावांना कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही; ठसकाबाईला मूल असल्याचं वहीत कधी आलं नव्हतं आणि हे कुणाच्या घरातलं आहे, हे त्यांच्या ताबडतोब ध्यानात आलं. तिथे थांबता आलं असतं. कागद घडी करून खिशात घालता आला असता. पण त्यांनी डोळे वर केले आणि त्यांना रविंद्रचं तोंड दिसलं. पांढरंफटक, हार गळ्यात, खडू खाली पडलेला. ते तोंड पाहायला त्यांनी तीन वर्षं काढली होती, आणि आणखी दोन ओळींनी ते पुरतं मातीत जाणार होतं. रुपराव पुढे वाचत गेले. "पण मी तिला नाव ठेवलं होतं. कानात सांगितलं होतं. मी सोडून ते कुणाला माहीत नाही." आणि त्यांनी ते नावही वाचलं, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. ते नाव इथे लिहीत नाही. एकदा वाचलं गेलं तेवढं पुष्कळ झालं.

बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. बापूजींनी रविंद्रच्या गळ्यातला हार स्वतःच्या हाताने काढला. रविंद्र मागच्या दाराने गेला तो पुन्हा चित्र काढताना कुणाला दिसला नाही. मालिका बंद झाली, संपादकाने माफी छापली, आणि दुसऱ्या एका दैनिकाने गोपिकाचा कागद अक्षरन्‌ अक्षर छापला, नावासकट. दुसऱ्या दिवशी रुपरावांनी तर्री घालून दोन प्लेटी पोहे खाल्ले. तीन वर्षांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली होती.

पंधरा दिवसांनी गोपिका दारात उभी राहिली. कुणी सांगायची गरज नव्हती. उभी राहण्याची ढब ठसकाबाईचीच होती, फक्त तोंडात फटाका नव्हता. हातात ते दैनिक घडी केलेलं. रुपराव लगबगीने उठले. "ये वं बाई, बस. पाहिलं न, कसा आडवा केला त्याले?"

ती बसली नाही. "भाऊ, माझं पाकीट द्या."

रुपरावांनी पेटी उघडून फाडलेलं पाकीट दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं, फुटलेल्या लाखेवरून अंगठा फिरवला.

"त्यानं तोंड नेलं होतं, भाऊ. बोचकं माह्यापाशीच होतं. ते तुमी सोडलं."

"अवं, पण तुह्यासाठीच..."

"घरच्या माणसालेही ते नाव मी कधी सांगतलं नाई. आता मिरच्या खुडाले जातो तं सगळ्या बाया मले तिची माय म्हणून हाका मारते. मायेनंच मारते. पेपरात वाचलं त्यायनं." तिचा आवाज कुठेही चढला नाही. "सात वर्ष मी तिले एकटीच हाका मारत होतो. आता माह्याजवळ काय राह्यलं?"

कांताबाई पाणी घेऊन आली तोवर ती जिना उतरली होती.

वहीची पुढची फेरी निघायची होती. रुपरावांनी ती समोर घेतली, आपल्या पात्राचं पान न उघडता थेट शेवटी गेले. भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून पुढ्यात ठेवला. काळ्या पानावर, रविंद्रच्या अगदी शेजारी, त्यांनी दुसरा चेहरा काढला. स्वतःला कुठेही सूट दिली नाही. कपाळावरची ती बारीक आठी, दाबलेले ओठ, आणि दुसऱ्याला पडताना पाहून डोळ्यांत येते ती चमक. खाली लिहिलं, नियम तीन. मग वही कापडात शिवली आणि टपालात घातली. भिवापूरचं नाव त्यांनी यादीतून काढलं नाही.

वही साडेतीन महिन्यांनी परत आली. इतर दहांपैकी नऊ जणांनी काळ्या पानावर काहीही लिहिलं नव्हतं. ठसकाबाईचं पान कोरं होतं. पण रुपरावांच्या चेहऱ्याखाली, मंडळाच्या रीतीप्रमाणे, एकच शेरा होता, पेन्सिलीने, चौथी शिकलेल्या गोल अक्षरात.

"चेहरा बरोबर आला भाऊ."