काट्यावरून उतरलेला गाडीवान

आमच्या शेजारी राहणारे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे मास्तर, गेल्या दिवाळीची एक हकीकत वडनेर भोलजी गावात ज्याला त्याला ऐकवत असतात. त्यांच्या मते माझी नात परदेशातल्या प्रयोगात नापास झाली आणि मी तिच्या विज्ञानाला थोतांड म्हणून ओरडलो. हे गृहस्थ जवळजवळ सगळा वेळ ओट्यावर चिवडा खात बसले होते. मी खोलीत होतो. तेव्हा साक्ष माझी धरावी.

दिवाळीला घरी आलेली नात परदेशात ज्या यंत्रावर काम करते, तिथे जमिनीखालच्या गोल बोगद्यात अणूहूनही सूक्ष्म कण समोरासमोर आदळवतात. त्या धडकेतून जन्मणाऱ्या एका कणाचे वजन काढणे हे तिच्या गटाचे काम. हा कण जन्मताच फुटतो; त्याला कोणीही पाहिलेले नाही. हे ऐकून त्या सकाळी मी तिला विचारले, "पाह्यलाच नाही, तं काट्यावर ठेवला कसा?"

"त्याचे तुकडे मोजतो, आबा. एक तुकडा चुंबकात वळते, त्या वळणावरून त्याचा जोर समजते. दुसरा मात्र काहीच खूण न ठेवता पळून जाते."

"मंग पळालेला कसा धरता?"

"धडकेच्या आधी आडव्या अंगाले कोणताच जोर नसते. म्हणून नंतरही सगळ्या बाजूंची बेरीज शून्यच यायले पाह्यजे. जेवढं कमी पडते, तेवढं तो घेऊन गेला."

मला हे लगेच पटले, कारण उमेदीची सगळी वर्षे मी जिनिंगच्या काट्यावर मापाडी होतो. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी; मधला फरक तो कापूस. काही गाडीवान भरली गाडी तोलताना वर बसून राहत आणि रिकामी तोलताना बिडी ओढायला उतरत. त्यांचे वजन कापसात धरले जाई. पण गावोगावच्या रिकाम्या गाड्यांची गाडीवानासकट वजने मला पाठ होती. रिकामी गाडी नेहमीपेक्षा हलकी भरली, की न दिसणारा गाडीवान मला तिथेच सापडे.

"म्हणजे तुमचा तो तुकडा काट्यावरून उतरलेला गाडीवानच की!"

"हाव आबा, अगदी तोच," ती हसून म्हणाली.

तरी एक शंका उरलीच. काट्यावर माझा नियम होता, की शेतकऱ्याने घरी केलेले वजन मला आधी सांगायचे नाही. एकदा आकडा कानी पडला, की दांडीवरचे वजन सरकवणारा हात त्याच खुणेपाशी थबकू पाहतो. इतरांच्या हाताचे सोडा, मी माझ्या हातावरही विश्वास ठेवत नसे. म्हणून विचारले, "तुले पाह्यजे तोच आकडा तुले दिसत नसन कशावरून?"

 मास्तर या प्रश्नाला भांडण म्हणतात.

"त्याच्यासाठीच संगणक आमच्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवते," ती म्हणाली. "खरं उत्तर मलेही माहीत नाही. साऱ्या तपासण्या झाल्या, आज दुपारी झाकण निघन. मंग काहीच बदलता येत नाही."

"अन् तुले कोणता पाह्यजे?"

"जुन्या सिद्धांतानं सांगितलेल्या आकड्यापेक्षा वेगळा. वेगळा निघाला, तं जगात काहीतरी नवं हाय, आबा. त्याच्यासाठीच तं एवढी वर्षं घातली."

दुपारी लॅपटॉपवर परदेशातले चेहरे चौकोनाचौकोनांत जमले. कोणीतरी कळ दाबली आणि आकडा उमटला.  तेवढ्यात बशी हातात घेऊन मास्तर आत आले.

"काय मंग, पास का नापास?"

"जुनाच आकडा आला, काका."

"घ्या! मंग एवढी वर्षं काय मोजून राह्यली होती वो बाई? नापासच म्हना!"

तेव्हा मी ओरडलो, हे खरे. खिडक्या उघड्या असल्याने गल्लीने ऐकले, हेही खरे. पण काय ओरडलो ते नोंदवून ठेवतो. "मास्तर, तुमी वर्गात आधी फळ्यावर उत्तर लिहत होते, अन् मंग गणित घालत होते! ह्या पोरीनं उत्तर झाकून गणित सोडवलं. पाह्यजे तो आकडा मनात असून हाताले शिवू देला नाही तिनं!" मास्तर निघून गेले. चिवडा मात्र संपवून गेले.

नात पडद्याकडेच पाहत होती. डोळे भरले होते. समजूत घालणे मला कधी जमले नाही. मनात जे सकाळपासून घोळत होते, तेच विचारले.

"पोरी, तो उतरलेला गाडीवान... त्याचं सोताचं वजन किती?"

तिने मान वळवली. "ते कोणालेच माहीत नाही, आबा. वजन हाय एवढं नक्की. पण इतका हलका हाय, का अजून कोणत्याच काट्यावर येत नाही."

"कोणालेच नाही?"

"कोणालेच."

"मंग कसा तोलायचा ठरवून राह्यले तुमी लोक?"

तिने डोळे पुसले, फराळाखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि त्याच्या कोऱ्या कडेवर त्या गाडीवानाला तोलू पाहणाऱ्या दुसऱ्या यंत्राची आकृती मला काढून दाखवू लागली. मास्तरांच्या हकीकतीत त्या कागदाचा उल्लेख नसतो. तो माझ्यापाशी आहे, तेलाच्या डागांसकट.