बाळंतिणीच्या खोलीचा फोटो

उदगीरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, यावर घर चालतं. लग्नसराई संपली की मात्र मी ओसाड पडलेल्या जुन्या इमारतींचे फोटो काढत फिरतो. काळेपांढरे, आणि त्यात माणूस नसलेले. "असले फोटो घेतं कोण?" असं बायको विचारते.

देवणीच्या रस्त्याला एका गावाबाहेर निजामाच्या काळातला दगडी दवाखाना होता. दारं-खिडक्या लोकांनी केव्हाच काढून नेल्या होत्या. आतल्या एका खोलीत पिंपळाची मुळं भिंतीवरून खाली उतरली होती आणि सकाळी वरच्या झरोक्यातून उजेडाची पट्टी नेमकी त्यांच्यावर पडायची. मी स्टँडवर कॅमेरा लावून त्या उजेडाची वाट बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मोजणीला आलात का?"

साठी ओलांडलेल्या एक बाई दारात उभ्या होत्या. या दवाखान्यातच त्या नर्स म्हणून लागल्या होत्या. तो बंद पडल्यावर बदल्या होत होत जिल्हाभर फिरल्या आणि निवृत्त होऊन परत शेजारच्या घरात येऊन राहिल्या.

"न्हाई बाई, फोटो काढायलोय. ह्या भिंतीचा."

बाईंनी भिंतीकडे बघितलं. "ही बाळंतिणीची खोली. पलंग हितं होता. पिंपळ न्हवता तवा."

पुढे दोन वर्षं मी तिथं जात राहिलो. फोटो झाले की बाईंच्या ओट्यावर चहा व्हायचा. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, हे फोटो मोठ्या लोकाला दाखवा की. डागडुजी झाली तर दवाखाना चालू हुईल. आमच्या पोरी बाळंतपणाला उदगीरला न्याव्या लागत्यात. एखादीचं रस्त्यातच व्हतंय."

मी हो म्हणालो. खरं तर माझ्या मनात दवाखाना नव्हता, मला एक प्रदर्शन हवं होतं. पण त्यांचं ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं, की होईल कदाचित.

नांदेडला एक हॉल मिळाला. उद्घाटनाला बाई पांढरीशुभ्र साडी नेसून, एसटीनं आल्या. पिंपळाच्या मुळांचा फोटो सगळ्यांत मोठा करून मधोमध लावला होता. बाई त्याच्याजवळ उभ्या राहून येईल त्याला सांगत होत्या, "ही बाळंतिणीची खोली." लोक मान डोलवायचे आणि उजेडाविषयी बोलायचे. एका मुलीनं त्यांना सेल्फीसाठी थोडं बाजूला व्हायला सांगितलं. बाई झाल्या.

पाहुण्यांमध्ये एक मोठे अधिकारी होते. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"ही इमारत कुठं आहे?"

मी गावाचं नाव सांगितलं. बाईंनी घाईनं पुढं होऊन दवाखान्याचं सगळं सांगितलं.

"अहो, पण ही तर कधीही कोसळेल," ते म्हणाले. "कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?" त्यांनी सोबतच्या माणसाला काहीतरी लिहून घ्यायला लावलं. परतीच्या गाडीत बाई खुशीत होत्या. "लिहून घेतलं बघा," असं पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी बाईंचा फोन आला. "भाऊ, जेसीबी आलाय."

मी पोचलो तेव्हा पुढची कमान पडली होती. जेसीबीवाला म्हणाला, "धोकादायक हाय म्हनून आर्डर हाय." बाई त्याला दवाखान्याचं सांगत होत्या. इंजिनच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी कॅमेरा काढला, कारण हातांना दुसरं काही सुचेना. पिंपळाची भिंत पडताना मुळांनी दगड धरून ठेवले होते. भिंत बराच वेळ पडेचना. ते फोटो चांगले आलेत. मी ते कुणाला दाखवले नाहीत.

त्या जागेवर तारेचं कुंपण झालं. आत काहीच बांधलं नाही. मी तो मोठा फोटो बाईंना द्यायला गेलो, तर त्यांनी हात पुढे केला नाही.

"लई साजरा हाय, भाऊ. पर मला काय करायचा?"

मग आम्ही सोयाबीनचं बोललो, पावसाचं बोललो. त्यांच्या सुनेला सातवा महिना लागला होता. तिला त्या माहेरी, शिरूर अनंतपाळला पाठवणार होत्या. तिथून दवाखाना जवळ होता.

त्यानंतर निलंग्याकडची एक पडकी गढी मला सापडली. या वेळी मी कुणाला पत्ता सांगितला नाही, एकही फोटो बाहेर दिला नाही. तिथं ना अधिकारी आला, ना जेसीबी. पुढच्या पावसाळ्यात ती आपली आपणच ढासळली.