धांदलबाईच्या चुकांची खोळ

माझ्या थोरल्या जाऊबाई वीस वर्षं एका लॉन्ड्रीत उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या असंच म्हणायला हवं, कारण तिथे स्टूल एकच होतं आणि त्यावर मालकांचा फोन बसलेला असायचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, टेबलांवरची पांढरी कापडं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. थोरले दीर गेल्यापासून त्या आमच्याच घरात राहतात. माझ्याकडून पायपुसणं जरा वाकडं पडलं तरी त्या येता-जाता ते सरळ करतात आणि मी मनातल्या मनात चार शब्द बोलून घेते.

एकोणसाठावं लागलं तसे त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी काम सोडायचं ठरवलं. साठीनंतरच्या पेन्शनला पंधरा वर्षांच्या नोकरीची नोंद लागते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यांची तर वीस झाली होती. त्यामुळे कामगार कार्यालयात मी गेले ती नुसती सोबत म्हणून.

खिडकीमागच्या बाईंनी संगणकात नाव घातलं, पुन्हा घातलं, जन्मतारीख विचारली. "मावशी, तुमच्या नावावर नोकरीच दिसत नाही. पगार नाही, कर नाही, काहीच नाही."

"कर कसा नाही? दर महिन्याला कापतात की!"

"कापत असतील. इथे कोणी भरलेला नाही."

दर पाच तारखेला मालक नोटा हातावर ठेवायचे आणि "कराचे कापलेत हं" असं गोड बोलायचे. पावती कधी दिली नाही, सही कधी घेतली नाही आणि जाऊबाईंनीही कधी मागितली नाही. मी रस्त्यातच त्यांच्यावर तोंड सोडलं. चादरीवरची केसाएवढी सुरकुती दिसते आणि एवढं दिसलं नाही तुम्हाला? घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी घेतलेली गुडघ्याची पट्टी काढली, म्हणे तूही दिवसभर उभीच असतेस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. मालकांनी कानांवर हात ठेवले.

"अहो, या कामाला कुठे होत्या? घरच्यासारख्या होत्या. मदतीला यायच्या. मी आपला खुशीने काहीतरी हातावर ठेवायचो."

मी तोंडाला येईल ते बोलले. नंतर मलाच खोकला झाला इतकं बोलले. संध्याकाळी भाजी निवडताना जाऊबाई एकदम म्हणाल्या, "अगं, मदतीला जाणाऱ्या माणसाला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कोणी ओरडतं का?" आणि देठ पातेल्यात, पानं कचऱ्यात टाकत राहिल्या.

कार्यालयातल्या अधिकारी बाई त्यातल्या त्यात बऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, लॉन्ड्रीचं नाव छापलेला, तारीख आणि तुमची सही असलेला कुठलाही कागद आणा. दर वर्षाचे थोडे तरी हवेत. मग पुढचं मी मालकांना विचारते.

असला कागद जगात एकच होता, परतीची चिठ्ठी. जाऊबाई इस्त्री करायच्या आणि शिवाय इतरजणींचं काम तपासायच्या. एखाद्या गठ्ठ्यात डाग किंवा चुणी सापडली, की छापील चिठ्ठीवर तारीख घालून, खाली "तपासणारी" म्हणून सही करून त्या गठ्ठा परत करायच्या. जिची चूक, तिने सुट्टी झाल्यावर थांबून तो फुकट पुन्हा करायचा. चिठ्ठी तिच्याकडेच जायची.

"मग तुमच्या सह्या आहेत की शेकडो!" मी म्हटलं.

"आहेत. पण माझ्याकडे नाहीत ना." त्यांनी मान खाली घातली. "सगळ्यात जास्त धांदलबाईकडे असतील."

धांदलबाईचं खरं नाव मालकही विसरले असावेत. बोलताना हात चालायचे आणि इस्त्री फिरवताना जीभ, अशी तिची कामाची रीत. चिठ्ठीची पद्धत मुळात तिच्यामुळेच सुरू झाली, ती आली त्या महिन्यात. पंधरा वर्षं जाऊबाईंनी तिचे गठ्ठे परत केले आणि त्यातली अकरा वर्षं दोघींत कामापुरतंही धड बोलणं नव्हतं.

"मी नाही तिच्या दारात जायची," जाऊबाई म्हणाल्या.

"मग मी जाते आणि माझ्या पद्धतीने बोलते."

ही धमकी पुरली. त्या निमूटपणे चपला घालायला लागल्या.

धांदलबाईने दार उघडलं, जाऊबाईंना पाहिलं आणि म्हणाली, "आता काय, घरी येऊन माझ्या चादरी तपासणार?" पण आत घेतलं. पलंगावरची चादर खरंच चुरगळलेली होती आणि जाऊबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, हे मी पाहिलं. त्यांनी सगळं सांगितलं.

धांदलबाईने कपाटाच्या तळातून उशीची एक फुगलेली खोळ ओढून काढली. सुरुवातीलाच एकदा मालकांनी तिच्याकडून एकच गठ्ठा दोनदा करून घेतला होता. तेव्हापासून पुरावा म्हणून ती एकूण एक चिठ्ठी जपायची. खोळ तिने जमिनीवर पालथी केली. पंधरा वर्षांच्या चुका खोलीभर पसरल्या.

"देशील?" जाऊबाईंनी विचारलं.

"देईन. पण मी अजून तिथेच कामाला आहे, बाई. मालकांनी उद्या मला हाकललं तर?" ती चिठ्ठ्या पुन्हा खोळीत भरायला लागली. मग म्हणाली, "आणि कागदावर तर मीही तिथे नाहीच की. मलाही नोटाच देतात."

सुनावणीला ती केस विंचरून, नवी साडी नेसून आली. मालकांनी त्यांचं मदतीचं पालुपद पुन्हा लावलं. अधिकारी बाईंनी चिठ्ठ्या वर्षावार लावल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "या सगळ्या चुका तुमच्या?"

मला वाटलं, आता ही लाजेल. पण ती उभी राहिली.

"हो, सगळ्या माझ्या. आणि सगळ्या हिने पकडल्या. मदतीला आलेली बाई अशी कुणाच्या मागे लागते का, तुम्हीच सांगा."

मालकांचा कारकूनसुद्धा हसला. हसले नाहीत ते फक्त मालक.

अधिकारी बाईंनी त्यांना पगाराची वही, कराच्या पावत्या मागितल्या. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. पंधरा वर्षं धरली गेली. पेन्शनला लागतात तेवढीच. त्या वर्षांचा कर आणि पेन्शनची वर्गणी मालकांनी भरायची, आणि आता कामावर असलेल्या सगळ्यांना महिन्याच्या महिन्याला पगाराची छापील पावती द्यायची, असा हुकूम झाला. धांदलबाईला कामावरून काढलं तर त्याचाही जाब द्यावा लागेल, हे बाईंनी मालकांना दोनदा ऐकवलं.

मग त्यांनी जाऊबाईंना विचारलं, "सुरुवातीच्या पाच वर्षांचं काहीच नाही का? एखादी चिठ्ठी?"

"नाही, मॅडम. तेव्हा इस्त्रीला मी एकटीच होते. गठ्ठा परत करायची वेळ एकदाही आली नाही."

अधिकारी बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "ती वर्षं मला धरता येणार नाहीत. वाईट वाटतं मला."

बाहेरच्या जिन्यात जाऊबाई रडल्या. पंधरा मिळाली म्हणून की पाच गेली म्हणून, मी विचारलं नाही. धांदलबाईने त्यांचा हात धरला आणि जिना उतरताना इतकी बडबड केली की तिची पायरी चुकली.

"हळू," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.