पुलाकडचा राल्फ हार्कर

आमच्या गावात 'हार्कर' म्हणून हाक मारली तर निम्मं गाव वळून बघतं. उरलेल्या निम्म्यांच्या बायका माहेरच्या हार्कर. म्हणून आम्ही पुलाकडचे हार्कर, चुनाभट्टीकडचे हार्कर असं म्हणतो. ही दोन घराणी एकमेकांची कोणी लागत नाहीत, आणि नातं विचारलंत तर दोन्हीकडचे चिडतात.

शिशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा घरोघरची माणसं इंग्लंड सोडून अमेरिकेत आयोवाला गेली. आता त्यांचे वंशज दर उन्हाळ्यात मूळपुरुष शोधत येतात, माझ्या दुकानात पोस्टकार्डं घेतात आणि विचारतात, "इथे जुनं कोणाला ठाऊक आहे?"

मी त्यांना डॉर्कसबाईंकडे पाठवते. शाळेत मुलांचं जेवण रांधण्यात जन्म गेला, लग्न केलं नाही, ऐंशी उलटली. पुलाकडच्या हार्करांपैकी एवढ्याच उरल्या. गावची प्रत्येक जुनी खानेसुमारी त्यांना तोंडपाठ. पाहुण्याने तिकडच्या खानेसुमारीचा कागद पुढे केला की त्या त्याचा पूर्वज काढून देतात, वर फळांचा केक आणि चीज. चुकीचा पूर्वज कोणाच्या गळ्यात मारलेला नाही. काही पाहुणे नाराज होतात, कारण त्यांना जमीनदार हवा असतो.

बाईंकडे मात्र त्यांचं स्वतःचं कोणी आलं नाही. त्यांच्या खापरपणजोबांचा भाऊ राल्फ आयोवाला गेला तो गेलाच.

"जगाचे अमेरिकन जमवून देता," मी एकदा म्हटलं, "तुमचा कधी उगवणार?"

"केक करून ठेवते ना दर उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

गेल्या जूनमध्ये आयोवातल्या डबुक गावचा ड्वेन हार्कर आला. बायको गेलेली, मूलबाळ नाही, कान थेट डॉर्कसबाईंसारखे. मी दुकान बंद करून त्याच्याबरोबर गेले. खोटं कशाला बोलू, मला बघायचंच होतं.

"माझा खापरपणजोबा राल्फ हार्कर," तो म्हणाला. बाईंच्या राल्फचं मी त्याला वाटेत सांगूनच ठेवलं होतं. "म्हणजे आपण बहीणभाऊ लागतो की काय?" मला तर रडूच फुटलं.

बाईंनी चष्मा पुसून त्याचा तिकडच्या खानेसुमारीचा कागद वाचला. साल १८६०. राल्फ, त्याची बायको, मुलं आणि अगदी खाली हॅना हार्कर, वय सत्तर, जन्म इंग्लंड. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

गावातून राल्फ हार्कर दोन गेले, एक पुलाकडचा आणि एक भट्टीकडचा. दोघांच्याही आयांची नावं हॅना. पुलाकडची हॅना पुढच्याच वर्षीच्या आमच्या खानेसुमारीत आहे: विधवा, घरात एकटी, मोजे विणते. भट्टीकडची कुठेच नाही. आणि सत्तरीची बाई मोजे विणायला समुद्र ओलांडून परत येत नाही.

म्हणजे ड्वेनचा राल्फ भट्टीकडचा, हे मलाही कळलं. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा हो! कोण येतंय तपासायला? बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही माझे कोणी नाही," त्या ड्वेनला म्हणाल्या. "तुमचा माणूस तो वरच्या घरातला विल्फ, भट्टीकडचा. केक खा, मग त्याच्या दारी सोडते तुम्हाला."

विल्फने दार बोटभरच उघडलं. "मला नातेवाईक नकोत. आहेत तेच संपत नाहीत."

"मेल्या, घरात घे त्याला. तुझं रक्त आहे."

"तुला एवढी हौस आहे तर तूच ठेव ना!"

"माझा असता तर तुझ्या दारात आणला असता का रे?"

विल्फने आतली साखळी काढली. मग दार उघडलं.

ड्वेन आठवडाभर तिथेच राहिला. विल्फने त्याला एकूण एक मेंढी दाखवली. संध्याकाळी त्या घरातून हसण्याचे आवाज यायचे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई खिडकी लावून घ्यायच्या, वारा येतो म्हणून.

निघताना तो बाईंचा निरोप घ्यायला आला. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कोणाकडे काही मागितलं. "तिकडे गेलात की माझाही राल्फ बघाल?"

"बघतो की. पण तिथे राल्फ हार्कर ढीगभर असतील हो. तुमचा ओळखू कसा?"

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आईला एकटी टाकून आलेला असेल, तो आमचा."